नवशिक्यांना वर्ड प्रोसेसर शिकविताना

लिहिणे आणि लिहिलेले बदलणे या दोन क्रिया फार काळ एकमेकींपासून दूर राहिल्या. शाईने लिहिलेला शब्द खोडता येत असे, पण खोडल्याची खूण कागदावर राहत असे. टंकलेखन यंत्रावर उमटलेले अक्षर पांढऱ्या द्रवाखाली झाकता येत असे. परंतु परिच्छेदाच्या मध्यभागी एखादे वाक्य घालावयाचे झाले, तर सबंध पान पुन्हा टंकित करण्यावाचून गत्यंतर नसे. वर्ड प्रोसेसर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय प्रणालीने हे अंतर मिटविले. तिच्यात मजकूर कागदावर नसतो, तो संगणकाच्या स्मृतीत असतो. पडद्यावर दिसते ते त्याचे तात्पुरते रूप होय, आणि छापील कागद हे त्याच्या अनेक संभाव्य रूपांपैकी केवळ एक.

सांगावयास हा फरक दोन ओळींचा आहे. तथापि नवशिक्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ याच फरकात सापडते. विद्यार्थी कळा बरोबर दाबीत असतो, पण त्याच्या मनात चित्र असते ते कागदाचे. ते चित्र आणि समोरची प्रणाली यांचा मेळ बसत नाही, तेव्हा तो गोंधळतो आणि दोष स्वतःच्या बुद्धीला देतो. म्हणून वर्ड प्रोसेसर शिकविणे म्हणजे कळांची यादी सांगणे नव्हे. विद्यार्थ्याच्या मनातील चित्र ओळखणे आणि ते बदलण्यास त्याला अवसर देणे, हे शिक्षकाचे खरे काम आहे.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. न्यायालये आणि तहसील कचेऱ्या यांच्या आवारात यंत्र घेऊन बसणारे टंकलेखक हे येथील सार्वजनिक जीवनाचे एक परिचित दृश्य होते आणि काही ठिकाणी अद्यापही आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, तक्रार असे सारे त्यांच्या हातून उतरत असे. ज्याला आपला अर्ज स्वतः लिहिता येत नाही, त्याला आपले म्हणणे दुसऱ्याच्या शब्दांत आणि दुसऱ्याच्या सवडीने मांडावे लागते. यंत्राच्या जागी संगणक आला म्हणून हे परावलंबन आपोआप संपत नाही. पाठ केलेल्या कळांवर विसंबणारा माणूस प्रणालीची आवृत्ती बदलताच पुन्हा दुसऱ्याच्या दारी जातो. त्यामुळे शिकविण्याच्या पद्धतीचा प्रश्न हा अंतिमतः स्वावलंबनाचा प्रश्न ठरतो.

यंत्रापासून प्रणालीपर्यंत

१९६४ साली आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने चुंबकीय फीत जोडलेले विद्युत टंकलेखन यंत्र बाजारात आणले. टंकित केलेला मजकूर फितीवर नोंदला जाई, चूक झाल्यास मागे जाऊन योग्य अक्षर नोंदविता येई, आणि सर्व दुरुस्त्या झाल्यावर यंत्र स्वतःच स्वच्छ प्रत काढून देई. मजकुरावरील संस्करण हे एक स्वतंत्र काम आहे, ही कल्पना रूढ करण्याचे श्रेय याच कंपनीच्या जर्मनीतील कारभारात काम करणाऱ्या उलरिच श्टाइनहिल्पर यांना सामान्यतः दिले जाते. सत्तरीच्या दशकात फितीच्या जोडीला पडदा आला आणि मजकूर उमटण्यापूर्वीच डोळ्यांना दिसू लागला. त्या दशकाच्या अखेरीस वर्डस्टार ही प्रणाली छोट्या संगणकांवर उपलब्ध झाली. १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्डची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली.

भारतातील पुष्कळ कचेऱ्यांनी आणि प्रशिक्षण वर्गांनी शब्दसंस्करणाचा पहिला परिचय करून घेतला तो वर्डस्टारच्या द्वारे. या प्रणालीत जवळजवळ प्रत्येक काम कंट्रोल या कळेबरोबर एखाददुसरे रोमन अक्षर दाबून करावे लागे. काम जतन करून बाहेर पडावयाचे तर कंट्रोल आणि के, त्यानंतर डी. निवडावयाच्या मजकुराचा आरंभ दाखवावयाचा तर कंट्रोल आणि के, त्यानंतर बी. अशा आज्ञा वहीत उतरवून घेणे आणि घोकणे हीच शिकण्याची रीत ठरली. पुढे माऊस आणि चित्रमय पडदा असलेल्या प्रणाली आल्या, तेव्हा घोकलेल्या आज्ञांचा उपयोग उरला नाही. मात्र ज्यांना ‘निवडणे’, ‘हलविणे’, ‘जतन करणे’ या क्रियांचा अर्थ उमगला होता, त्यांना नव्या प्रणालीत केवळ नवी दारे शोधावयाची होती. घर तेच होते.

विद्यार्थी कोरा नसतो

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आय.बी.एम.च्या न्यूयॉर्क राज्यातील वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधा वाटणारा, पण फलदायी अभ्यास हाती घेतला. कचेरीतील कामाचा अनुभव असलेल्या, परंतु संगणक न हाताळलेल्या व्यक्तींना त्यांनी वर्ड प्रोसेसरपुढे बसविले, कंपनीची माहितीपुस्तिका दिली आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करण्यास सांगितले. माहितीपुस्तिका परिश्रमपूर्वक तयार केलेल्या होत्या. पायरीमागून पायरी दिलेली होती. तरीही शिकणाऱ्यांनी त्या क्रमाने वाचल्या नाहीत. ते मध्येच पाने उलटीत, सूचना अर्धवट वाचून कळ दाबीत. प्रकरणाच्या आरंभी केवळ ओळख म्हणून दिलेली वाक्ये आज्ञा समजून तशी कृती करू पाहत. एकदा वाट चुकली की पुस्तिकेतील पुढील पायरी त्यांच्या पडद्याशी जुळत नसे आणि परत फिरण्याचा मार्ग पुस्तिकेत दिलेला नसे.

यावरून विद्यार्थी उतावीळ असतात, असा निष्कर्ष काढणे सोपे होते. कॅरोल यांनी तो काढला नाही. त्यांच्या मते माणूस यंत्रापुढे बसतो तो यंत्र शिकण्यासाठी नव्हे, तर आपले काम करण्यासाठी. त्याला पत्र लिहावयाचे असते, म्हणून तो पत्राकडे धावतो. आणि जे कळत नाही त्याचा अर्थ तो आधीच्या ज्ञानाच्या आधारे लावतो. १९८७ मध्ये मेरी बेथ रॉसन यांच्यासह लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी याला क्रियाशील वापरकर्त्याचा विरोधाभास असे म्हटले. काम करण्याची ओढ आणि जुने ज्ञान या दोन्ही गोष्टी शिकण्यास प्रवृत्त करतात, आणि त्याच शिकण्याच्या आड येतात.

जुन्या ज्ञानाचा सर्वांत मोठा साठा टंकलेखन यंत्राचा होता. यंत्रावर स्पेसबार दाबला की गाडी पुढे सरकते, कागदावर काहीच उमटत नाही. संगणकात रिकामी जागा हेदेखील एक अक्षर असते. त्यामुळे ओळीतील पुढच्या शब्दापर्यंत जाण्यासाठी स्पेसबार दाबणाऱ्या विद्यार्थ्याला तो शब्द आपल्यापासून दूर पळताना दिसतो. यंत्रावर ओळीच्या शेवटी घंटा वाजली की गाडी हाताने मागे ढकलावी लागे. त्या सवयीने तो प्रत्येक ओळीअखेर एंटर दाबतो. वर्ड प्रोसेसर ओळी स्वतःच मोडतो, आणि एंटरचा अर्थ ‘येथे परिच्छेद संपला’ असा घेतो. पहिल्या दिवशी पान ठीक दिसते. दुसऱ्या दिवशी मध्ये दोन शब्द घातले की ओळी वेड्यावाकड्या तुटतात. पुष्कळ जुन्या यंत्रांवर इंग्रजी एकच्या अंकासाठी वेगळी कळ नसे, तेथे छोटे एल हे अक्षर वापरीत. तीच सवय तक्त्यात आली, तर माणसाला तो आकडा दिसतो, पण संगणक त्याची बेरीज करू शकत नाही.

या सर्व चुकांत एक साम्य आहे. त्यांपैकी एकही निष्काळजीपणाची नाही. प्रत्येक कृती दुसऱ्या एका जगात अचूक होती. म्हणून ‘असे करू नका’ एवढे सांगून त्या जात नाहीत. स्मृतीतील मजकूर आणि डोळ्यांना दिसणारे पान यांतील भेद प्रत्यक्ष दाखवावा लागतो. त्यासाठी बहुतेक प्रणालींत एक उत्तम साधन असते. उलट्या ‘पी’ अक्षरासारख्या चिन्हाचे बटण दाबले की एरवी अदृश्य असलेल्या खुणा पडद्यावर उमटतात. प्रत्येक रिकाम्या जागी एक ठिपका आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ते चिन्ह दिसू लागते. मथळा मध्यभागी आणण्यासाठी वीस वेळा स्पेसबार दाबलेल्या विद्यार्थ्याला ते वीस ठिपके एकदा दिसले की अधिक व्याख्यानाची गरज उरत नाही.

आजचा नवशिका बहुधा टंकलेखन यंत्रावरून येत नाही. तो मोबाइलवरून येतो. त्याच्याही पदरी जुने ज्ञान असते, फक्त ते निराळे असते. मोबाइलवर लिहिलेले जतन करावे लागते, याची त्याला सवय नसते. कारण तेथे बहुतेक वेळा ते आपोआप होते. धारिका कोणत्या जागी ठेवली, हा प्रश्नच त्याला परका असतो. काही संदेशप्रणालींत एंटर म्हणजे ‘पाठवा’, त्यामुळे तो ती कळ दाबण्यास कचरतो. शिक्षकाने पहिल्या भेटीत विद्यार्थ्याला काय येत नाही हे विचारण्याऐवजी तो आतापर्यंत कशावर लिहीत आला हे विचारावे. पुढील अडचणींचा नकाशा त्या उत्तरात मिळतो.

चार अक्षरांत नाहीसा होणारा मजकूर

दोष नेहमी शिकणाऱ्याच्या बाजूने असतो असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास ब्राव्हो ही प्रणाली तयार झाली. छापल्यावर पान जसे दिसेल तसेच पडद्यावर दाखविणाऱ्या आरंभीच्या प्रणालींपैकी ती एक होती. परंतु तिच्या दोन अवस्था असत. एका अवस्थेत दाबलेले अक्षर मजकुरात उमटे, तर दुसरीत तेच अक्षर आज्ञा मानले जाई. आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचा विसर पडून एखाद्याने आज्ञेच्या अवस्थेत ‘एडिट’ या इंग्रजी शब्दाची ई, डी, आय, टी ही अक्षरे टंकित केली, तर अनर्थ होई. ‘ई’ने सर्व मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची तयारी होई, आणि शेवटी कोऱ्या पानावर एकटे ‘टी’ हे अक्षर उरे.

त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांना हा प्रकार मान्य नव्हता. त्यांनी नव्याने नोकरीस लागलेल्या एका सचिव महिलेला कोऱ्या पडद्यापुढे बसविले आणि कागदावर खुणा करून दाखविलेल्या दुरुस्त्या या पडद्यावर कशा कराव्याशा वाटतात, असे विचारले. जेथे शब्द घालावयाचा ती जागा दाखवावी आणि लिहू लागावे, अशा आशयाचे तिचे उत्तर होते. पुढे टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्याच मालकीच्या एका पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेतील संपादकांसाठी १९७५ मध्ये जिप्सी ही प्रणाली रचली. तिच्यात अवस्थांचा घोळ जवळजवळ नव्हता. आधी मजकूर निवडावा, मग त्याचे काय करावयाचे ते सांगावे, हा तिचा नियम होता. मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची आजची सर्वपरिचित रीत या कामातून प्रचारात आली. नवख्या माणसाला ती थोड्याच तासांत वापरता येई.

‘आधी निवडा, मग सांगा’ हा नियम मराठी किंवा हिंदी भाषकाला समजावून देणे अवघड नाही. या भाषांत कर्म आधी येते आणि क्रियापद शेवटी: ‘हा शब्द ठळक कर’, ‘हे वाक्य खाली ने’. प्रणालीतील कृतीचा क्रम नेमका हाच असतो. शिक्षकाने आज्ञा अशा वाक्यांत उच्चारण्याची सवय ठेवली, तर नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

नर्नबर्गचे नरसाळे

सतराव्या शतकात जर्मनीतील नर्नबर्ग शहरी गेओर्ग फिलिप हार्सडॉर्फर याने काव्यशास्त्रावरील एक पुस्तक प्रसिद्ध केले. काव्यकला नरसाळ्याने डोक्यात ओतावी तशी शिकविण्याची ग्वाही त्याच्या नावातच होती. त्यावरून ‘नर्नबर्गचे नरसाळे’ हा शब्दप्रयोग जर्मन भाषेत रुळला. कॅरोल यांनी आपल्या संशोधनावरील पुस्तकाला १९९० मध्ये हेच नाव दिले, ते उपरोधाने. ज्ञान ओतता येत नाही, हे त्यांच्या प्रयोगांचे सार होते.

या प्रयोगांतून दोन उपाय पुढे आले. पहिला, छोटी माहितीपुस्तिका. तिच्यातून प्रास्ताविके, उजळण्या आणि प्रणालीची स्तुती वगळली होती. प्रकरणांची नावे कामांवरून दिलेली होती, उदाहरणार्थ, काहीतरी टंकित करणे, काहीतरी कागदावर छापणे. काही पायऱ्या जाणूनबुजून गाळल्या होत्या, जेणेकरून विद्यार्थ्याने पडद्याकडे पाहून त्या स्वतः शोधाव्यात. आणि नेहमी होणाऱ्या चुकांतून बाहेर कसे पडावे, हे मात्र आवर्जून सांगितले होते. ही पुस्तिका वापरणारे मोठी पुस्तिका वापरणाऱ्यांपेक्षा कमी वेळात शिकले आणि पुढील कामेही त्यांना अधिक चांगली जमली.

दुसरा उपाय १९८४ मध्ये कॅरोल आणि कॅरोलिन कॅरिथर्स यांनी मांडला. लहान मुलाच्या सायकलीला तोल सांभाळण्यासाठी बाजूला दोन छोटी चाके लावतात, तशी व्यवस्था त्यांनी प्रणालीतच केली. नवशिक्यास न लागणारी कामे यादीत दिसत, पण निवडल्यास ती तूर्त उपलब्ध नाहीत एवढाच संदेश येई आणि विद्यार्थी होता तेथेच राही. चूक करण्यास बंदी नव्हती. चुकीची किंमत तेवढी कमी केली होती. अशा प्रणालीवर शिकणारे लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा वेळ कमी गेला.

या निष्कर्षांचा विपर्यास होऊ शकतो. ‘कमी शिकवा’ याचा अर्थ ‘विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडा’ असा नाही. छोट्या पुस्तिकेतील प्रत्येक ओळ विद्यार्थ्यांच्या चुका प्रत्यक्ष पाहून ठरविलेली होती. थोडके सांगावयाचे असेल, तर नेमके सांगावे लागते.

भारतीय लिपींचा वेगळा धडा

भारतीय भाषांत लिहिणाऱ्या नवशिक्यापुढे आणखी एक पायरी असते. देवनागरी टंकलेखन यंत्र अक्षराच्या आकारावर चाले. कळांवर अर्धी अक्षरे आणि आकाराचे तुकडे असत. अर्धा ‘ग’ आणि उभी रेघ मिळून पूर्ण ‘ग’ होई. ऱ्हस्व इकार डोळ्यांना व्यंजनाच्या डावीकडे दिसतो, म्हणून तो आधी टंकित करीत. ‘कर्म’ या शब्दात क, म आणि नंतर रफार असा क्रम असे. संगणकावरील आरंभीच्या अनेक भारतीय फाँटांनी हीच रीत चालू ठेवली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले गेले. असा मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते, आणि त्यात एखादे नाव शोधणे दुरापास्त होते.

याला पर्याय म्हणून निराळी दिशा स्वीकारली गेली. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण म्हणून पुढे आणला. भारतीय लिपींसाठी इस्की ही सामाईक संकेतप्रणाली १९८८ मध्ये तयार झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिचे सुधारित रूप स्वीकारले. त्याच वर्षी आलेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीतील भारतीय लिपींची मांडणी इस्कीच्या पायावर उभी आहे. या सर्वांचे तत्त्व एकच आहे. स्मृतीत अक्षराचा आकार नव्हे, तर उच्चाराचा क्रम साठवावा आणि आकार घडविण्याचे काम संगणकावर सोपवावे.

म्हणून ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग इकार. पडद्यावर इकार आपोआप डावीकडे जाऊन बसतो. टंकलेखन यंत्राची सवय असलेला विद्यार्थी इकार आधी दाबतो, तेव्हा त्याला एका तुटक वर्तुळाला चिकटलेला इकार दिसतो. ते वर्तुळ म्हणजे ‘व्यंजन कोठे आहे?’ असा संगणकाचा प्रश्न होय. ‘कर्म’ हा शब्द क, र, हलन्त, म असा लिहावयाचा. ‘क्षि’ हे एकच अक्षर दिसत असले, तरी स्मृतीत ते क, हलन्त, ष, इकार असे चार घटक असतात. अनेक प्रणालींत बॅकस्पेस दाबताना ते एकेक करून जातात, आणि अक्षराच्या आधी उभे राहून डिलीट दाबल्यास सबंध अक्षर एकदम जाते. हे ठाऊक नसलेल्याला संगणक लहरी वाटतो. मराठी विद्यार्थ्याला याचे प्रत्यंतर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांत मिळते. समुद्रासाठी साधा ‘र’, डोंगरांमधील खोलगट भागांसाठी नुक्ता असलेला ‘ऱ’. पुढचा हलन्त आणि ‘य’ दोन्हींत सारखे.

हा धडा कष्टाचा असला तरी त्याचे फळ मोठे आहे. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला येतात, आणि ‘क’ची जागा देवनागरीत असते तीच बंगाली, गुजराती, कन्नड वा तेलुगू लिपींत असते. एका लिपीत सरावलेली बोटे दुसऱ्या लिपीतही वाट चुकत नाहीत. तमिळसाठी १९९९ मध्ये तेथील राज्य शासनाने निराळा कळफलक प्रमाण मानला, आणि उच्चार रोमन अक्षरांत लिहून भारतीय लिपी उमटविणाऱ्या सोयीही सर्वत्र आहेत. विद्यार्थ्याने यांपैकी कोणतीही रीत निवडावी. मात्र मजकूर युनिकोडमध्ये साठविला जाईल याची खात्री करून घ्यावी. गावच्या सभेचे इतिवृत्त दहा वर्षांनी शोधता येईल की नाही, हे याच एका निवडीवर ठरते.

पहिल्या धड्यांचा क्रम

वरील विवेचनातून वर्गातील क्रम बराचसा निश्चित होतो. पहिला धडा कोऱ्या पानाने सुरू करू नये. कोरे पान अनुभवी लेखकालाही भिववते. विद्यार्थ्याला एक तयार पत्र द्यावे, ज्यात तारीख जुनी आहे, नाव चुकले आहे आणि एक वाक्य दोनदा आले आहे. ते दुरुस्त करता करता कर्सर हलविणे, पुसणे आणि मध्ये शब्द घालणे ही तीन कौशल्ये हाती येतात, आणि पहिल्याच दिवशी एक उपयुक्त पत्र तयार होते.

त्यानंतर लगेच, अन्य काहीही शिकविण्यापूर्वी, केलेली कृती मागे घेण्याची सोय दाखवावी. कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबल्या की शेवटची कृती रद्द होते. विद्यार्थ्याला सर्व मजकूर मुद्दाम पुसावयास लावावा आणि तो परत आणावयास सांगावे. आपल्या हातून यंत्र बिघडेल ही भीती, विशेषतः प्रौढ विद्यार्थ्यांत, शिकण्याच्या मार्गातील सर्वांत मोठी धोंड असते. एका मिनिटाच्या या प्रयोगाने ती जितकी हलते, तितकी आश्वासनांनी हलत नाही.

तिसरी गोष्ट जतन करण्याची. संगणकाची चालू स्मृती फळ्यासारखी असते आणि कायम साठवण वहीसारखी. वीज गेली की फळा पुसला जातो. वहीत उतरविलेले तेवढे राहते. जेथे वीज केव्हाही जाऊ शकते, तेथे ही उपमा विद्यार्थ्याला तत्काळ पटते. अलीकडील काही प्रणाली मजकूर आपोआप जतन करतात; तरीही धारिकेला अर्थपूर्ण नाव देणे आणि ती कोठे ठेवली हे सांगता येणे आवश्यकच आहे.

मग परिच्छेद आणि अदृश्य खुणा. मग निवडणे, कापणे, चिकटविणे. आणि सर्वांत शेवटी अक्षरांचे आकार, ठळकपणा आणि सजावट. प्रत्यक्ष वर्गांत बहुधा उलट क्रम आढळतो, कारण रंगीत मथळा चटकन प्रभाव पाडतो. तक्ते आणि एकच पत्र अनेक पत्त्यांवर पाठविण्याची सोय यांचा उल्लेखही पहिल्या आठवड्यात टाळावा.

शिक्षकाचे स्वतःचे हात हा एक नाजूक विषय आहे. विद्यार्थी अडला की माऊस हाती घेऊन काम करून देणे ही स्वाभाविक प्रेरणा असते. परंतु त्या क्षणी विद्यार्थी शिकतो ते एवढेच, की हे काम शिक्षकाला जमते. त्याऐवजी ‘ही कळ दाबल्यावर काय होईल असे वाटते?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर चुकले तर फारच चांगले. मनातील चित्र त्यातून कळते. एका संगणकावर दोन विद्यार्थी बसविल्यास ते आपसांत बोलतात आणि शिक्षकाला त्यांचे विचार ऐकू येतात. मात्र चलाख विद्यार्थी कळफलक अडवून बसणार नाही, याकडे लक्ष ठेवावे लागते.

येथे टंकलेखनाच्या जुन्या परंपरेला न्याय देणे उचित होईल. न पाहता दहा बोटांनी टंकित करण्याचे कौशल्य निरर्थक झालेले नाही. केंद्र सरकारची हिंदी शिक्षण योजना आपल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवीत आली आहे, आणि महाराष्ट्रात मिनिटाला ३० वा ४० शब्दांच्या परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या तरुणांना नोकरीची वाट दाखविली. बोटांना कळांची जागा माहीत झाली की मन शब्दांकडे मोकळे होते. परंतु वेग मोजणारी परीक्षा वर्ड प्रोसेसर आला की नाही हे सांगू शकत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यापुढे बिघडलेला दस्तऐवज ठेवावा, ज्यात मथळा ठिपक्यांच्या रांगेने ढकललेला आहे आणि ओळी एंटरने तोडलेल्या आहेत. तो त्याने नीट करावा. शक्य असल्यास हे काम त्याने पूर्वी न पाहिलेल्या प्रणालीत करावे. कळा पाठ केलेला विद्यार्थी तेथे थांबतो. मजकूर म्हणजे काय हे समजलेला विद्यार्थी थोडा वेळ शोधतो आणि पुढे जातो.

ज्याने आपला अर्ज स्वतः लिहिला, वाचला, त्यातील एक शब्द जास्त कठोर वाटला म्हणून बदलला आणि मग पाठविला, त्याने केवळ एक प्रणाली वापरली असे म्हणता येणार नाही. स्वतःच्या म्हणण्यावर दुसऱ्यांदा विचार करण्याची संधी त्याने घेतली. कागद महाग होता, दुसऱ्याकडून पुन्हा टंकित करून घेणे खर्चाचे होते, तोवर ही संधी थोड्यांच्याच वाट्याला येई. ती प्रत्येकाच्या हाती देणे हा नवशिक्यांच्या वर्गाचा हेतू आहे, आणि तो हेतू लक्षात ठेवला तर काय शिकवावे आणि काय तूर्त वगळावे, याचा निर्णय करणे शिक्षकाला कठीण जाणार नाही.